नववा दगड

“अहो, उतरताय की गाडीतच संसार मांडताय?”

बायकोनं बाहेरून काचेवर टकटक केली, तेव्हा मिस्त्री वाकून चपलेचा पट्टा लावत होते. पट्टा केव्हाच लागला होता. तरी ते तो सोडत होते आणि पुन्हा लावत होते. पाय काही केल्या बाहेर पडायला तयार नव्हते.

“बाबा, बरं वाटत नाहीये का?” मुलीनं दार उघडून त्यांचा हात धरला. “अगंबाई, हात बघ आई, बर्फासारखे झालेत.”

“घाट लागला असेल,” जावई म्हणाला. “मोकळ्या हवेत चला बाबा, बरं वाटेल. अहो, तुमच्या हातची जागा ही! आम्हाला फिरून दाखवायची सोडून तुम्हीच बसून राहिलात.”

त्या बिचाऱ्या जावयाचा तरी काय दोष? सासरे सत्तरीला टेकले, आयुष्यभर विटा रचण्यापलीकडे त्यांनी काही पाहिलं नाही, त्यांना कुठेतरी न्यावं म्हणून त्यानं हौसेनं बेत आखला होता. सासूबाईंकडून त्याला कळलं होतं, की ऐन उमेदीत मिस्त्रींनी डोंगरावरच्या जुन्या दगडांच्या रिंगणाला कुंपण घातलं होतं. झालं! सकाळी सगळ्यांना गाडीत घातलं आणि निम्म्या वाटेत हसत विचारलं, ओळखा बरं कुठे चाललोय? मिस्त्रींनी पहिल्याच वळणाला ओळखलं होतं. तेव्हापासून त्यांचा चपलेच्या पट्ट्याशी चाळा चालला होता.

गाडीतळापासून पायवाट वर जात होती. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, खाली दरीत निळसर धुकं, समोर एकामागं एक डोंगर, जणू कुणी दुलया घडी करून रचून ठेवल्या आहेत. आठवडाभर पाऊस लागून कालच उघडला होता. पायाखालची जमीन स्पंजासारखी दबत होती. मुलगी म्हणत होती, काय हवा आहे! जावई म्हणत होता, काय देखावा आहे! आणि मिस्त्री प्रत्येक पावलाला टाच दाबून बघत होते, माती किती भिजली आहे.

आता ही भीती कशाची, ते सांगायला हवं.

एकतीस वर्षांपूर्वी मिस्त्री बांधकाम खात्यात रोजंदारीवर गवंडी होते. जोडीदार एक उंच, मान पुढे काढून चालणारा माणूस. त्याला सगळे उंटच म्हणत. साहेबांनी बजावलं होतं, कुंपणाच्या खांबांचे खड्डे दगडांपासून सहा हात लांब घ्या. आठ दगडांपाशी तसे घेतले. नवव्यापाशी मात्र सहा हातांवर खाली कातळ निघाला. पहार आपटून परत येत होती, दुपार टळून गेली होती, डबे तसेच पडले होते.

“इथं दोन हातांवर माती मऊ आहे,” मिस्त्री म्हणाले होते. “इथंच घेऊ.”

“आणि साहेब?” उंटानं विचारलं होतं.

“साहेब काय पट्टी घेऊन येतोय? घे पहार.”

खड्डा कमरेएवढा झाला आणि त्याची एक बाजू ढासळली. मागोमाग नववा दगड, दमलेला म्हातारा खाटेवर कलंडावा तसा, सावकाश कलंडला. मातीच्या आतच मोडला. वरचा दीड पुरुष उंचीचा भाग गवतावर आला आणि खालचा तुकडा, दाढेचं मूळ हिरडीत राहावं तसा, जमिनीत राहिला.

पुढच्याच महिन्यात दोघांची नावं कायम होणाऱ्यांच्या यादीत लागायची होती. मिस्त्रींच्या बायकोला सातवा महिना होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दोघांनी तिपाई उभी केली, चेनपुली लावली आणि उजाडल्यापासून राबले. खालचा तुकडा काही निघेना. तेव्हा त्यांनी जे केलं ते फक्त गवंड्यांनाच सुचेल. त्या तुकड्यावर सिमेंटचा जाड थर घातला आणि भिंतीत वीट बसवावी तसा तो दगड वर बसवला. भोवती खडी ठोकली, त्यावर गवताची ढेकळं रचली, ओळंबा सोडून पाहिला. दगड सुतात उभा होता. साहेब आले, खांब मोजून गेले.

पण विटेला वरची वीट दाबून धरते. एकट्या उभ्या दगडाला कुणीच धरत नाही. हे मिस्त्रींना त्या दिवशीही ठाऊक होतं.

माणसं सकाळी देवापुढे उभी राहिली की काय काय मागतात. कुणी औक्ष मागतं, कुणी पोराबाळांचं भलं. मिस्त्री एकतीस वर्षं हात जोडून एकच मागत आले होते: देवा, आजचा दिवस तेवढा त्याला उभा ठेव. मोठा वारा सुटला की त्यांना जेवण जात नसे. वर्तमानपत्र ते मागच्या पानापासून वाचत, कारण दगड पडून माणसं दगावल्याच्या बातम्या तिथंच येतात. घरात कुणाला ते फळीखाली बसू देत नसत, गॅलरीखाली उभं राहू देत नसत. बायको सगळ्यांना सांगायची, “आमचे हे म्हणजे ना, छताला पाल दिसली तरी म्हणतील बाजूला हो, अंगावर पडेल.” लोक हसत. मिस्त्रीही हसत.

नऊ वर्षांपूर्वी उंट गेला. इस्पितळात त्यानं नाकावरची नळी बाजूला करून विचारलं होतं, “उभा आहे ना रे?”

“आहे.”

“जाऊन पाहिलास?”

मिस्त्री त्याची चादर सारखी करत राहिले होते.

“या, या, पुढे या,” खाकी कोट घातलेली माहिती सांगणारी बाई हात हलवून बोलावत होती. तिच्याभोवती बसमधून आलेली पंचवीसेक माणसं जमली होती. दोन डोंगरांच्या मधल्या सपाट कुरणात ते रिंगण होतं: नऊ काळे दगड, अंगावर पांढऱ्या-पिवळ्या शेवाळाचे डाग, जणू नऊ म्हाताऱ्या गप्पा मारता मारता एकदम गप्प झाल्या आहेत.

मिस्त्रींची नजर रिंगणाभोवती फिरली. कुंपण कुठे आहे?

“ताई,” ते पुढे सरून म्हणाले, “इथं कुंपण होतं ना?”

“होतं की आजोबा. कुणा शहाण्यानं घातलं होतं देव जाणे! चार वर्षं झाली काढून. आता लोकांना दगडांना हात लावता येतो, टेकून फोटो काढता येतो.”

“शहाणे आमचेच,” जावई खुशीत म्हणाला. “हेच ते. हे इथं मिस्त्री होते.”

“अय्या, हो?” बाई जीभ चावून हसली. “बघा मंडळी, यांचे हात लागलेत या जागेला.” सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणीतरी टाळी वाजवली. मिस्त्रींनी हात पाठीमागे घेतले.

“आणि हा आपला सगळ्यांचा लाडका, नववा,” बाई पुढे म्हणाली. “याला ऐकणारा दगड म्हणतात. बघा, दरीकडे कसा कान लावून वाकलाय! जुन्या लोकांनी मुद्दाम असा रोवला. का रोवला, त्याचं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही.”

वाकलाय? मिस्त्रींनी एक डोळा मिटला. चाळीस वर्षं ओळंबा धरलेल्या डोळ्याला दोरी लागत नाही. दगडाचा माथा पायापासून दोन वीत बाहेर आला होता. हा दगड सरळ होता हे माहीत असलेला जगात आता एकच माणूस उरला होता.

“ताई, हा असाच वाकलेला होता का पहिल्यापासून?”

“असाच. म्हणजे जुनी माणसं म्हणतात की पूर्वी एवढा दिसायचा नाही. पण जुनी माणसं काय हो, काहीही म्हणतात!”

लोक हसले आणि फोटोसाठी पांगले. खिंडीतून वाऱ्याचा झोत आला. गवत आडवं झालं. आणि मिस्त्रींनी पाहिलं, तर त्यांची बायको नवव्या दगडाच्या पोटाशी, बरोबर त्याच्या वाकाखाली, फतकल मारून बसली होती आणि पिशवीतून थर्मास काढत होती.

“अगं!” मिस्त्री म्हणाले. “अगं, ऊठ तिथून.”

“का? छान आडोसा आहे. वारा लागत नाही इथं. चहा घ्या.”

“ऊठ म्हणतो ना!”

“झालं सुरू,” बायको मुलीला म्हणाली. “तुझ्या बापाला घेऊन देवळात गेलं तरी म्हणतील, घंटेखाली उभी राहू नकोस. अहो, माझे गुडघे एकदा बसले की मिनिटात उठत नाहीत. कप धरा.”

तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर अडीच टन दगड होता. मिस्त्रींना वाटलं, ओरडलो तर आवाजानं पडेल. धावलो तर पावलांनी पडेल. ते मांजरासारखे एकेक पाऊल टाकत गेले, वाकले, तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि पोतं ओढावं तसं तिला ओढलं. चहा सांडला. कप गडगडत गेला. ती किंचाळली.

“आई गं! अहो, वेड लागलंय का तुम्हाला? चारचौघांत?”

“बाबा!” मुलगी धावली.

“बाजूला व्हा!” आता मात्र मिस्त्री ओरडले. फोटो काढणाऱ्या दोन पोरी दगडाला टेकून उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघून ओरडले. “सगळे बाजूला व्हा! पडणार आहे तो!”

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं आणि फिसकन हसल्या. खाकी कोटाची बाई लगबगीनं आली. “आजोबा, घाबरू नका. पाच हजार वर्षं उभे आहेत हे.”

“आठ उभे आहेत,” मिस्त्री म्हणाले. “हा नाही. हा एकतीस वर्षं उभा आहे. मी उभा केलाय.”

 जावई जवळ आला, हळूच त्यांच्या दंडाला धरून म्हणाला, “बाबा, चला, गाडीत जरा पडा. दगदग झाली तुम्हाला.” त्याच्या आवाजात जी काळजी होती ती ऐकून मिस्त्रींच्या मनात आलं, की हीच वाट आहे. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतील, गाडीत झोपवतील, घरी नेतील. नातलगांत थोडी कुजबुज होईल. पेन्शन चालू राहील. उंटाच्या बायकोचंही. आणि उद्या सकाळी पुन्हा हात जोडून तेच मागता येईल.

तेवढ्यात त्यांच्या नजरेला पडलं, की त्या दोन पोरींतली एक दगडाच्या पोटाशी बसते आहे. बायको बसली होती तिथंच.

मिस्त्रींनी दंड सोडवून घेतला, दगडाच्या मागच्या बाजूला गेले आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गवत उपटू लागले.

“अहो, काय करताय! उकरू नका!” बाई किंचाळली. “गुन्हा आहे तो!”

“माहीत आहे, ताई.”

एक वीत माती निघाली आणि खाली करडा सिमेंटचा थर दिसला. पाच हजार वर्षांच्या दगडाच्या पायाशी थापीचे फराटे स्पष्ट होते. ते बघून बाईचा हात तोंडावर गेला. थराला आडवी भेग होती. मिस्त्रींनी त्यात बोट घातलं. पेरभर आत गेलं.

“इकडे या. घाला बोट.”

“मी?”

“तुम्हीच घाला. माझ्यावर नका विश्वास ठेवू.”

ती बसली. तिनं भेगेत बोट घातलं. लांब कुठे मेंढ्यांच्या गळ्यातली घंटी वाजत होती. मग खिंडीतून वारा आला. फार मोठा नव्हता. तरी ती भेग, झोपलेल्या माणसाचे ओठ उघडावेत तशी, किंचित उघडली आणि वारा गेल्यावर मिटली.

बाईनं चटका बसल्यासारखं बोट काढलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ती उठली आणि अशा आवाजात ओरडली की पोरी उठून पळाल्याच, आणि बसचा ड्रायव्हरही खालून धावत आला. सगळ्यांना तिनं पार गाडीतळापर्यंत हाकललं. जावयानं गाडी आणून पायवाटेच्या तोंडाशी आडवी लावली, म्हणजे नवीन कुणी वर जायला नको.

मिस्त्री वाटेतल्या एका सपाट खडकावर बसले. नखांत माती होती आणि तिचा वास येत होता. बायको शेजारी येऊन बसली. पदरावरचे चहाचे डाग तिनं चोळले. मग म्हणाली, “मला का नाही सांगितलंत?”

“तू घाबरली असतीस. पोटुशी होतीस.”

“तेव्हा होते. नंतर एकतीस वर्षं काय पोटुशीच होते?”

मिस्त्री मान खाली घालून नखांतली माती काढत राहिले.

“मला वाटायचं, यांचा स्वभावच भित्रा,” ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. “जिथं जाईन तिथं चारचौघांत थट्टा केली मी तुमची. हसत राहिलात हो तुम्ही.”

“हसण्यासारखंच होतं गं.”

तीन वाजता खात्याचा साहेब आला. पोरगेलासा होता, पण भेगेत बोट घालून आल्यावर तोही म्हातारा दिसायला लागला. क्रेन उद्या सकाळी येईल म्हणाला, आणि त्यानं गाडीच्या टपावर कागद ठेवून जबानी घेतली.

“काय कारवाई होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही,” तो म्हणाला. “पेन्शनवरही येऊ शकतं. कल्पना आहे ना?”

“आहे, साहेब.”

“बरोबर आणखी कोण होतं?”

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे ती लांब मान आली, नाकावरची नळी आली, आणि मग उंटाची बायको आली, एका खोलीत एकटी राहणारी.

“कुणी नाही. एकटाच होतो.”

साहेबानं पेन थांबवलं. “अडीच टनाचा दगड तुम्ही एकट्यानं उभा केला?”

“तरुण होतो, साहेब,” मिस्त्री म्हणाले.

साहेब त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं ‘एकटे’ असं लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला.

सगळी जणं खालच्या वस्तीतल्या धर्मशाळेत राहिली आणि उजाडता वर आली. क्रेन आधीच पोचली होती. दगडाला रुंद पट्टे घातले होते, खाली गवतावर वाळूची पोती अंथरली होती. अडचण अशी होती, की क्रेनवाल्याला दगडाची मागची बाजू, जिथं भेग होती ती, दिसत नव्हती. जोड कुठं सुटतोय ते बघून कुणीतरी हातानं खूण करायला हवी होती.

“जोड कसा आहे, कुणाला माहीत आहे?” साहेबानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याची नजर वळली. “मिस्त्री, कराल?”

मिस्त्री जाऊन भेगेपासून दहा पावलांवर उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. पट्टे ताणले गेले. दगडातून करकर आवाज आला.  हात इतका थरथरायला लागला, की क्रेनवाल्यानं काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

“अहो मिस्त्री, हात हलवू नका! वर म्हणताय की थांब म्हणताय, काही समजत नाही!”

त्यांनी दात आवळले. थरथर थांबेना. दगड अर्धा हवेत, अर्धा जमिनीत, आणि पट्टे कुरकुरताहेत. तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. साहेब “ओ बाई, ओ बाई” करत राहिला आणि बायको गुडघे धरत धरत दहा पावलांवर येऊन नवऱ्याशेजारी उभी राहिली. तिनं दोन्ही तळव्यांनी त्यांचं कोपर खालून धरलं. पाटावरचं जड भांडं धरावं तसं, अंग लावून.

“आता सांगा त्याला,” ती म्हणाली.

हात स्थिर झाला. मिस्त्रींनी बोटं उघडली, मिटली, तळवा हळूहळू वर नेला. जोड सुटला. दगड उचलला गेला, किंचित फिरला, मग त्यांनी तळवा खाली दाबला आणि पाच हजार वर्षांचं ते धूड इंच इंच करत आडवं झालं. पोत्यांवर टेकलं तेव्हा गवताचा सळसळ एवढाच आवाज झाला. सिमेंट खालीच राहिलं होतं आणि मोडलेलं तोंड उगवतीकडे होतं. बाकी सगळं अंग काळं, तेवढंच ताज्या दगडासारखं लख्ख निळं होतं, आणि त्यावर सकाळचं ऊन पडलं होतं.

“झालं मिस्त्री,” क्रेनवाला म्हणाला. मग जरा थांबून मोठ्यानं म्हणाला, “मिस्त्री, झालं! घ्या हात खाली.”